पांढऱ्या पेशी नेमक्या जागी पोहोचतात कशा?

केमोकाइन ही पेशींना हाक मारणारी छोटी प्रथिने. माणसात त्यांचे ५०च्या आसपास प्रकार आहेत आणि ती हाक ऐकणारे रिसेप्टर सुमारे २०. प्रतिकारशक्तीची चर्चा नेहमी पेशी किती आहेत यावर अडकते. त्या कुठे आहेत हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून याच विषयावर आलेली काही पत्रे घेतली आहेत.

वासाच्या मागाने जावे तशा पेशी केमोकाइनच्या मागे जातात, असे वाचले. पण रक्त तर सतत वाहते. मग तो ‘वास’ वाहून जात नाही का?

सुटा असता तर वाहूनच गेला असता. बहुतेक केमोकाइनवर धन विद्युतभार असतो आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात, त्यांच्यावर ऋण भार. त्यामुळे केमोकाइन भिंतीलाच चिकटून राहते.

आता प्रश्न उरतो तो वेगाने जाणाऱ्या पेशीला ते कळण्याचा. जिथे संसर्ग किंवा इजा असते, तिथल्या सूक्ष्म शिरांच्या अस्तरावर सिलेक्टिन ही प्रथिने येतात. रक्तातून चाललेली न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्यांना अडखळते आणि भिंतीवरून घरंगळू लागते. घरंगळता घरंगळता तिचा रिसेप्टर भिंतीवरच्या केमोकाइनला भिडला, की क्षणार्धात तिच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन रेणू ताठ होतात आणि भिंत घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, अस्तरातल्या दोन पेशींच्या फटीतून पलीकडे ऊतीत शिरते.

यातली एक पायरी चुकली तरी पुढचे सगळे अडते. काही बाळांत इंटिग्रिनचा एक घटक जन्मतःच सदोष असतो. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असतात, पण जखमेत पू होत नाही, नाळ गळायला उशीर लागतो आणि गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. पू म्हटले की आपण नाक मुरडतो. या बाळांकडे पाहिले की त्याची किंमत कळते.

पेशीला ना डोळे, ना मेंदू. दिशा कळते कशी? (अकरावीची विद्यार्थिनी)

छान प्रश्न. न्यूट्रोफिलची लांबी १०-१२ मायक्रोमीटर. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी केमोकाइनच्या प्रमाणात एखाद-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला तो पुरतो. ज्या बाजूचे रिसेप्टर जास्त संख्येने जागे होतात, त्या बाजूला अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची जुळणी सुरू होते आणि पेशीचा पडदा पुढे सरकतो. मागची बाजू आकसून पुढे खेचली जाते.

तुझ्या मनात पुढचा प्रश्न येईलच: वाटेत दोन-तीन हाका एकदम आल्या तर? न्यूट्रोफिलमध्ये त्यांची उतरंड ठरलेली आहे. जिवाणूंच्या प्रथिनांचे तुकडे जाणवले, की ती वाटेवरच्या केमोकाइनकडे दुर्लक्ष करून त्या तुकड्यांकडे वळते.

मुलीला डांग्या खोकला झाला होता. रिपोर्टमध्ये लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) खूप वाढलेले होते. म्हणजे तिची प्रतिकारशक्ती जोरात काम करत होती ना?

तुमचा अंदाज स्वाभाविक आहे, पण या आजारात गोष्ट बरीचशी उलटी असते. केमोकाइनचे बहुतेक रिसेप्टर आपला निरोप पेशीच्या आत जीआय नावाच्या प्रथिनामार्फत पोहोचवतात. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे विष नेमके हेच प्रथिन निकामी करते. एरवी लिंफोसाइट सीसीआर७ या रिसेप्टरच्या आधाराने रक्तातून लसीका ग्रंथींत शिरतात. तिथे आपल्या ओळखीचा जंतू सापडतो का ते पाहतात आणि नाही सापडला तर काही तासांनी बाहेर पडून पुढच्या ग्रंथीकडे जातात. विषामुळे हे आत शिरणेच बंद होते आणि पेशी रक्तात साचतात. रिपोर्टमधला मोठा आकडा मुख्यतः या अडलेल्या पेशींचा असतो. अगदी लहान बाळांत तो फार वर गेला तर डॉक्टर त्याला धोक्याची खूण मानतात.

एचआयव्हीचा यात काय संबंध?

एचआयव्हीला पेशीत शिरायला तिच्या पृष्ठभागावरचा सीडी४ रेणू एकटा पुरत नाही. सोबत सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हा केमोकाइन रिसेप्टर लागतो, हे १९९६ मध्ये उलगडले. काही लोकांच्या सीसीआर५ जनुकात ३२ अक्षरांचा तुकडा गायब असतो. आईवडील दोघांकडूनही हीच प्रत मिळालेल्यांना एचआयव्हीचा संसर्ग क्वचितच होतो. एचआयव्ही असलेल्या टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये बर्लिनमध्ये अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या आणि त्यांचा एचआयव्हीही गेला. सीसीआर५ अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध त्याच वर्षी मंजूर झाले. मात्र हा रिसेप्टर बिनकामाचा समजू नका. तो नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास जास्त तीव्र होऊ शकतो.

केमोकाइन वाढवणारा आहार किंवा गोळ्या आहेत का?

नाहीत, आणि असायलाही नकोत. सगळीकडे एकसारखे केमोकाइन वाढले तर दिशाच उरणार नाही. संधिवातात सांध्यात आणि सोरायसिसमध्ये त्वचेत पेशींची गर्दी होते, त्यात वाढलेल्या केमोकाइनचाच हात असतो.

मग संधिवातात केमोकाइन अडवून टाकत का नाहीत?

प्रयत्न झाले. सीसीआर१, सीसीआर२, सीसीआर५ अडवणारी औषधे रुग्णांवर तपासली गेली, पण संधिवातासाठी वापरात यावे असे त्यांतले एकही ठरले नाही. मला याचे मोठे कारण दिसते ते असे, की एकच रिसेप्टर अनेक केमोकाइन ओळखतो आणि एकाच पेशीवर अनेक रिसेप्टर असतात. एक वाट बंद केली तर पेशी दुसरीने येते.

जिथे पेशी एकाच हाकेवर अवलंबून असते, तिथे चित्र वेगळे आहे. रक्ताच्या मूळपेशी अस्थिमज्जेत टिकून राहतात त्या मुख्यतः सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन आणि त्याचा रिसेप्टर सीएक्ससीआर४ या जोडीमुळे. २००८ मध्ये मंजूर झालेले प्लेरिक्साफॉर हे औषध ही पकड सोडवते. जीसीएसएफ या अस्थिमज्जेला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या इंजेक्शनांसोबत ते दिले, की मूळपेशी रक्तात उतरतात आणि हातातल्या शिरेतून गोळा करून प्रत्यारोपणासाठी ठेवता येतात.