पदवीनंतर पाळक होण्यासाठी सेमिनरीत चार वर्षं घालवावीत का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, पाचारण, म्हणजे देवानं सेवेला बोलावल्याची खात्री, मनात पक्कं आहे, घरचे मात्र स्पर्धा परीक्षेचं म्हणतात. शिवाय आजूबाजूला काही सेवक सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, न जाताच मंडळी (चर्च) चालवताना दिसतात, मग चार वर्षं कशाला? मी जालना जिल्ह्यात पाळक आहे. माझ्या मते जावं. पण आपली मराठी सांभाळून जावं.

आधी व्यवहाराचं. कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.डी.ला, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदवीला, चार वर्षं लागतात. ही पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते, शिकवणी संलग्न सेमिनरीत होते. आपल्याला जवळची म्हणजे पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. अर्ज भरण्याआधी आपल्या पाळकसाहेबांशी, पास्टरेट कमिटीशी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) आणि डायोसिसशी (बिशपांचा विभाग) बोलून शिफारस घ्या. सेमिनरी पदवी देते, दीक्षा, म्हणजे पाळकपदाचा अधिकार, मंडळी देते. हे ध्यानात न घेता परस्पर शिकून आलेली मुलं नंतर नेमणुकीसाठी वर्षानुवर्षं ताटकळलेली मी पाहिली आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये आधी डीकन (साहाय्यक सेवक), मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक). तिथे स्त्रियांनाही दीक्षा मिळते, त्यामुळे हे वाचणाऱ्या मुलींनीही मनात आणायला हरकत नाही.

अभ्यासात दोन्ही करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, इतर धर्म, समुपदेशन असं बरंच काही असतं. मला सगळ्यात जड गेलं हिब्रू, जुन्या कराराची मूळ भाषा. एक स्तोत्र वाचायला आठवडा जायचा. तेविसावं स्तोत्र मला लहानपणापासून तोंडपाठ होतं, वर्गात ते पुन्हा शब्दाशब्दाने वाचलं. शेवटच्या ओळीत कल्याण आणि दया आयुष्यभर सोबत असतील असं आपण म्हणतो ना, तिथलं मूळ क्रियापद आहे 'रादाफ', म्हणजे पाठलाग करणं. शत्रू पाठीशी लागतो त्यालाही हाच शब्द. वहीत लिहून ठेवला आणि विसरलो.

पुढे काही वर्षांनी एका तरण्या शेतकऱ्याच्या मातीला गेलो. वसुलीवाल्यांनी पाठ धरलेलं घर. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, पोरगं मांडीवर. काय बोलावं सुचेना. तेव्हा तो शब्द आठवला. म्हटलं, ताई, या स्तोत्रात देवाची दया नुसती सोबत चालत नाही, ती माणसाच्या पाठीशी लागते, तो कुठंही गेला तरी. तिनं पहिल्यांदा मान वर केली. त्या दिवशी मला तेवढंच बोलता आलं. पण ते बोलता आलं ते त्या वर्गामुळे.

आता मराठीचं. शिक्षण इंग्रजीतून असतं आणि चार वर्षांत डोकंही इंग्रजीतून चालायला लागतं. सुट्टीत गावी आलो तेव्हा उपासनेत मला संदेश द्यायला सांगितला. इंग्रजी नोट्स समोर ठेवून मी 'संबंधांची पुनर्स्थापना' यावर अर्धा तास बोललो. बाहेर पडताना एका आजीनं हात धरला. "लेकरा, ते समेटाचंच सांगत व्हतास का?" मी हो म्हटलं. "मग तसं म्हण की. आमच्या दोघा दिरांचा धुऱ्यावरून बारा वर्सं अबोला व्हता. समेट झाला त्या दिशी दोघं एका ताटात जेवले."

समेट हा आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलाच शब्द. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आहे, माझ्या हातात होता, आणि मी तो सोडून दिला होता. त्या अध्यायावर बोलताना आजही मी धुऱ्यापासूनच, त्या शेताच्या बांधापासूनच, सुरुवात करतो.

आपल्या आधीच्यांनी याची काळजी घेतली होती. सेरामपूर कॉलेज १८१८ साली काढणाऱ्यांपैकी विल्यम केरी यांनी त्याआधीच, १८०५ मध्ये, मराठीचं व्याकरण छापलं होतं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या त्या बायबल बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत आणण्यासाठी. म्हणून सेमिनरीत असताना एक नेम ठेवा: आठवड्याला एक संदेश मराठीत लिहायचा आणि फोनवर आजीला किंवा आईला वाचून दाखवायचा. त्या जिथे अडतील तिथे तुमचा अभ्यास अजून कच्चा आहे असं समजा.

घरच्यांची काळजी खोटी नाही. मानधन थोडं असतं, बदल्या होतात, मुलांच्या शाळा मोडतात. त्यावर वाद घालू नका. आईला एखाद्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या घरी घेऊन जा, तुम्ही बाहेर थांबा, आणि काय विचारायचं ते तिला पाळकीणबाईंनाच विचारू द्या.