वाचकांचे प्रश्न : मंगळावरचं शहर आणि कुंडलचा माळ

प्रश्न : मंगळावर वस्ती, समुद्रात तरंगतं राज्य, मरणावरच इलाज. एवढी हुशार, एवढी श्रीमंत माणसं असल्या कल्पनांच्या मागे का लागतात? (निवृत्त शिक्षिका, खानापूर)

उत्तर : बाई, पैसा आला आणि डोकं फिरलं, असा आपला समज असतो. पण तारखा पाहिल्या तर बहुतेकदा कल्पना पैशाच्या आधीची निघते. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १९८२ साली, शाळेच्या निरोप समारंभात, अंतराळातल्या वसाहतींवर भाषण केलं होतं. पुढे ते प्रिन्स्टनला शिकले. तिथल्याच जेरार्ड ओ'नील या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात फिरत्या नळकांड्यांतल्या वसाहतींचे आराखडे मांडले होते, आणि २०१९ मध्ये बेझोस यांनी जाहीरपणे दाखवलेली चित्रं त्याच धर्तीची होती. त्याहून जुनं उदाहरण दाढीच्या पात्यांच्या जिलेटचं. जवळजवळ सारी अमेरिका नायगाराच्या विजेवर चालणाऱ्या एकाच शहरात राहील, असं त्याने १८९४ मध्ये लिहिलं. पात्यांचा धंदा त्यानंतरचा.

मग पैशाने काय बदलतं? ‘हे जमणार नाही’ म्हणणारा माणूस आसपास उरत नाही. मुख्य कारण हेच आहे, असं आमचं मत आहे.

त्यात धंद्याची सवय मिसळते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, दुसरा नग हवा असेल तर पुन्हा साचा, पुन्हा वाळू, पुन्हा वितळलेलं बीड. साच्यात वायू अडकला की ब्लोहोल, म्हणजे पोकळी, पडतो आणि नग परत भट्टीत जातो. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की कोटी प्रती काढायला फारसा खर्च येत नाही, आणि चूक झाली तर रात्रीत जुनी आवृत्ती बसवता येते. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाला शहर, शरीर, ग्रह हे सगळं अर्धवट राहिलेल्या प्रोग्रॅमसारखं दिसू लागतं. शिवाय त्यांच्याकडे पैसा लावणारे बरेच उद्योग बुडणार हे धरूनच चालतात. बुडालेलं एखाद्याच मोठ्या यशातून भरून काढायचं असल्याने छोटं, खरं आश्वासन त्यांच्या उपयोगाचं नसतं.

नकार टाळायची ही धडपड पृथ्वीवरही दिसते. गुंतवणूकदार पीटर थील यांनी २००८ मध्ये समुद्रावर स्वतंत्र वस्त्या उभारू पाहणाऱ्या संस्थेला ५ लाख डॉलर दिले. पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाशी त्या संस्थेचा २०१७ मध्ये करारही झाला. स्थानिकांचा विरोध झाला आणि २०१८ मध्ये तो बारगळला. कॅलिफोर्नियाच्या सोलानो परगण्यात नव्या शहरासाठी ५०,००० एकरांहून जास्त जमीन घेतली गेली, आणि घेणाऱ्या कंपनीमागे कोण आहे हे २०२३ पर्यंत गावकऱ्यांना कळलं नव्हतं. प्रस्ताव मतदानाला जाणार होता. २०२४ च्या जुलैमध्ये तो मागे घेतला गेला.

प्रश्न : २०५० पर्यंत मंगळावर १० लाख माणसं, हे हिशेबात बसतं का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : हा आकडा रॉकेट बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीचे इलॉन मस्क यांनी २०२० मध्ये दिला. तुम्ही स्वतः मांडून बघा. पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची योग्य वेळ दर २६ महिन्यांनी येते. प्रत्येक वेळी १ लाख माणसं धरली तरी दहा खेपा लागतात, म्हणजे पहिली आणि दहावी यांत साडेएकोणीस वर्षं. २०३० च्या सुमारासच पूर्ण क्षमतेने सुरुवात व्हायला हवी.

आता श्वास. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १० लाखांना रोज ८४० टन. नासाच्या मॉक्सी या यंत्राने मंगळाच्या हवेतून २०२१ ते २०२३ या काळात एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल. यंत्र चाललं ही मोठी गोष्ट आहे, पण अंतर किती आहे तेही दिसतं. तिथल्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार आहेत, म्हणजे पेरणीआधी माती धुवायला पाणी लागणार.

बंदिस्त शेतीचा धडा मात्र पृथ्वीवरच मिळाला आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही तो पटकन समजेल. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ या तीन एकरांहून थोड्या मोठ्या काचघरात १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ वर आला. मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर होतं. ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन ओढत आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. तो झाडांनी घेतला असता तर ऑक्सिजन परत मिळाला असता. पण बराचसा बांधकामातल्या काँक्रीटने शोषला आणि त्याची चुनखडी झाली. म्हणून आधी कारणच सापडेना. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर असं ‘बाहेर’ नाही.

प्रश्न : मग किर्लोस्करवाडी तरी वेगळं काय होतं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. किर्लोस्करवाडी ही लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याभोवती वसवलेली वसाहत. त्यांचा जन्म आपल्याच बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरचा, आणि आदर्श वसाहतीचं स्वप्न त्यांचंही होतं. पण त्यांना पावलोपावली नकार ऐकावा लागला. लोखंडी नांगराने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावातली जागा नगरपालिकेने सोडायला लावली. मग औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांच्याकडून कुंडलजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज मिळालं, तेव्हा १९१० मध्ये वाडी उभी राहिली. नांगर चालतो की नाही हे ठरवणारा शेतकरी त्यांच्या पगारावर नव्हता. त्यामुळे नांगर शेतात पटवून द्यावा लागला.

शिवाय वसाहतीला लागून कुंडल रोड स्टेशन होतं. तिथे राहणं ज्याला मानवलं नाही, तो रेल्वेने मिरजेमार्गे बेळगावला परत येऊ शकत होता. मंगळावर पोचलेल्याला परतीच्या वेळेसाठी साधारण दीड वर्ष थांबावं लागेल, आणि तेही परतीचं इंधन तिथे तयार झालं तर.