वर्षभर व्यक्तिचित्रं काढणार आहेस? मग हे वाच

दर आठवड्याला एका छांदिष्टाची मुलाखत आणि चित्र, म्हणजे बावन्न आठवडे, बावन्न छांदिष्ट, हा हिशोब कागदावरच बरा दिसतो. चाळीस धर. दिवाळी, आजारपण, ऐनवेळी ‘आज नको’ म्हणणारे, यातच बारा आठवडे जातात.

माणसं त्यांच्या हंगामाप्रमाणे गाठ. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ सालापासूनची. अशा आकाशवेड्यांना हिवाळ्यातल्या अमावस्येच्या आसपास बोलावलंस तर कोण येणार? ते दुर्बीण घेऊन गावाबाहेर. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, तेव्हा निवांत सापडतात. कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचे पोशाख स्वतः करून घालणाऱ्या कॉस्प्लेवाल्यांकडे मात्र कॉमिक कॉनच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या मेळाव्याच्या, आधीच जा. घरभर फोमचे तुकडे, गोंदाचा वास, अर्धवट चिलखत... चित्र तिथंच आहे. रेल्वेवेड्याला १ जूनच्या सुमारास गाठ. १९३० साली त्या दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली, त्यामुळे त्याला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं!

आधी गप्पा, मग पेन्सिल. मी सुरुवातीला उलटं करायचो आणि सगळे चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ यायचे. ‘हा छंद का?’ असं विचारू नकोस, पाठ केलेलं उत्तर मिळतं. ‘पहिली वस्तू कुठली घेतलीस, अजून आहे का?’ असं विचार. तो उठून कपाट उघडेल. ती वस्तू धरलेले हात काढ. हात चेहऱ्यापेक्षा अवघड, पण चुकवू नकोस.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घे. मुलाखत त्याच रात्री उतरवून काढ. माझ्या नऊ अजून तशाच पडल्यात.