दिवाळखोर की नादार?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांचे जावई इंग्रज, लिंकनशायरमधल्या शेतकरी घराण्यातले. त्या घराण्याचा इतिहास बाई नातवंडांसाठी मराठीत लिहीत आहेत. १८२९च्या 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात एका पूर्वजाचे नाव सापडले, पुढे 'इन्सॉल्व्हंट डेटर' आणि मुक्काम लिंकनच्या किल्ल्यातला तुरुंग. बाईंनी लिहिले 'दिवाळखोर कैदी'. लेक म्हणते, हा शब्द फार झोंबतो, दुसरा नाही का?

दुसरा आहे. आणि झोंबण्याचे सोडाच, 'दिवाळखोर' इथे मुळात चूक आहे.

त्या काळच्या इंग्लंडात दिवाळे काढण्याचा मान फक्त व्यापाऱ्याला होता. मान म्हणतो तो थट्टेने नव्हे. व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले की मालमत्ता घेणेकऱ्यांत वाटली जाई आणि रीतसर दाखला मिळाला की मागचे देणे फिटल्यात जमा होई. शेतकरी, गुरे पाळणारा, गुरांचा हेड्या यांना अठराव्या शतकातल्या कायद्याने नाव घेऊन त्यातून वगळले होते. दोन वर्षे पीक बुडाले आणि खंड थकला, तरी शेतकऱ्याला दिवाळखोर होता येत नसे. तो 'इन्सॉल्व्हंट'. घेणेकऱ्याने कोर्टाचा हुकूम आणला की बेलीफ त्याला उचलून परगण्याच्या तुरुंगात नेऊन ठेवी. हा भेद १८६१च्या कायद्याने मिटला आणि देण्यापायी कैद १८६९ साली बहुतांशी बंद झाली.

या 'इन्सॉल्व्हंट'ला मराठीत नेमका शब्द आहे: नादार. फारसीत 'ना-दार' म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. माझ्या वडिलांना शाळेत नादारी होती, म्हणजे फी माफ. त्यात लाज होती, पण लबाडीचा वास नव्हता. 'दिवाळखोर'मधल्या त्या 'खोर'ने सगळा घोटाळा केला आहे. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर यांच्या पंगतीत बसवल्यावर माणसाला खोडच आहे असे वाटणार. मूळ 'दिवाळे' तसे बिचारे सरळ आहे. पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दारात दिवा लावून बसे, त्यावरून तो शब्द आला असे सांगतात. कायद्याच्या मराठीने हे दोन शब्द आजही वेगळे ठेवले आहेत: २०१६च्या कायद्याला आपण 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतो. आणि १८२८ साली विलायतेच्या पार्लमेंटने मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे ऋणकोंच्या सुटकेसाठी खास कोर्टे काढली, ती नादारांचीच.

'डेटर'साठी 'ऋणको' घ्या. पुस्तकी वाटेल, पण जुने कर्जरोखे 'धनको नाम, रिणको नाम' असेच सुरू होतात. बोलीतले 'देणेकरी' आणि 'घेणेकरी' मला अधिक आवडतात, पण कोण कोणाचे देणे लागतो याचा गोंधळ आजची मुले हमखास करतात.

आता 'कैदी'. हा शब्द चालेल, पण 'शिक्षा भोगत होता' असे चुकूनही लिहू नका. त्याला शिक्षा झालेलीच नव्हती. आपल्याकडच्या कोर्टात यालाच दिवाणी कैद म्हणतात. अठराव्या शतकात तर गुन्हेगारांपेक्षा हेच लोक तुरुंगात जास्त असत. जॉन हॉवर्ड या तुरुंगसुधारकाने १७७६ साली इंग्लंड-वेल्सचे तुरुंग फिरून मोजदाद केली, तेव्हा ४,०८४ कैद्यांपैकी २,४३७ नुसते देण्यापायी अडकलेले निघाले.

तेव्हा वाक्य असे करा: 'नादार ऋणको, देण्यापायी लिंकनच्या तुरुंगात दिवाणी कैदेत'.

बाईंनी गॅझेटातल्या त्या जाहिरातीची नक्कल पाठवली आहे, तीत एक गंमत आहे. नावापुढे पत्त्यांची माळ आहे: आधी अमुक गावी शेतकरी, नंतर तमुक गावी मजुरीला, हल्ली कामधंद्याविना. भाषांतरात ही माळ लांबते म्हणून तोडू नका. कुठल्याही जुन्या घेणेकऱ्याला माणूस ओळखता यावा म्हणून ती घालत, आणि आज तीच घराण्याच्या शोधात सोन्यासारखी. एकेका गावच्या चर्चच्या दप्तरात लग्ने-बारशी तपासता येतील. दिवाळखोरांच्या याद्यांत मात्र हा माणूस शोधत बसू नका. शेतीच्या जोडीला धान्याचा किंवा गुरांचा व्यापार दाखवता आला असेल तरच तो तिथे सापडेल. तशी जाहिरात मिळालीच तर 'डीलर अँड चॅपमन' हे शब्द दिसतील. चॅपमन हे आडनाव नव्हे, तो फिरता व्यापारी. दिवाळखोरीच्या जाहिरातीत व्यापारीपण ठसवायला हे जोडशब्द ठोकून देत.

सुटकेच्या अर्जासोबत त्याने 'शेड्यूल' दिले असेल. त्याला 'परिशिष्ट' म्हणू नका, ती देण्याघेण्याची यादी: कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, घरात काय उरले. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कामाची अवजारे मिळून २० पौंडांपर्यंतची चीजवस्तू त्याला ठेवता येई, बाकी सगळे घेणेकऱ्यांचे. आणि तो सुटला म्हणून 'कर्जमुक्त झाला' असेही लिहू नका. नादाराची सुटका देहापुरती, पुढे कधी चार पैसे जमले तर जुने घेणेकरी त्यावर हात टाकू शकत. इथे 'सुटला' एवढेच पुरे.

'ग्रोट्स' हा शब्द बाईंना अडला होता. ग्रोट म्हणजे चार पेन्सांचे नाणे. १७५९च्या कायद्याने, मालमत्ता सोडून द्यायला तयार असलेल्या ऋणकोला घेणेकरी तरीही आत ठेवू पाहत असेल, तर त्याने रोज चार पेन्स त्याच्या पोटाला द्यायचे, आठवड्याचे दोन शिलिंग चार पेन्स. एकदा चुकले की कैदी बाहेर. आपल्या दिवाणी कोर्टातही हाच नियम आहे, ऋणकोच्या पोटापाण्याचे पैसे हुकूमनामा घेणारा भरतो आणि तो भरेनासा झाला की दार उघडते. 'ग्रोट्स'ला मी 'पोटगी' लिहीन. आज पोटगी म्हटले की काडीमोडच आठवतो, पण जुन्या मराठीत पोटापुरत्या नेमणुकीला पोटगीच म्हणत, मग ती देणारा कोणी का असेना.