शंका-समाधान : पुडी जिवाणूंची, रोग विषाणूचा

प्रश्न : जुलैत लावलेल्या केळीच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) दीड महिन्यात हरण्या रोग दिसू लागला. दुकानदाराने स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी दिली. दोन फवारण्या झाल्या. पोंग्याचा (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाचा) कुजका वास जरा कमी झाला, पण पानांवरचे पिवळे पट्टे तसेच आहेत. मात्रा वाढवू का? (एक केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : वाढवू नका. या पुडीची कितीही मात्रा हरण्यावर चालणार नाही. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि ही पुडी जिवाणूंसाठी आहे.

जिवाणू म्हणजे एका पेशीचा पूर्ण संसार. भिंत आहे, आत डीएनए आहे, प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम आहेत. अन्न-पाणी मिळालं की तो आपला आपण दुभंगून वाढतो. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन्ही औषधं नेमकी जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतात. प्रथिनं बनेनाशी झाली की त्याचं काम आटोपलं.

हरण्याच्या विषाणूकडे यातलं काहीच नाही. त्याचा कण सुमारे 29 नॅनोमीटरचा : प्रथिनाचं कवच आणि आत आरएनए. दोन मायक्रॉन लांबीच्या जिवाणूशेजारी असे सत्तरएक कण ओळीने मांडावे लागतील. साध्या सूक्ष्मदर्शकात जिवाणू दिसतो, हा दिसत नाही. तो केळीच्या पेशीत शिरतो आणि केळीचेच रायबोसोम वापरून स्वतःच्या नकला काढून घेतो. ते रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमपेक्षा वेगळ्या घडणीचे असल्याने औषध त्यांना अडवत नाही. मग विषाणूला अडवणार कोण?

तरी वास कमी का झाला? हरण्याने पोंगा मरतो, आणि त्या मेलेल्या भागात जिवाणू घुसून सडवतात. पुडीने आटोक्यात आली असेल तर ही मागाहून आलेली सड. तेवढ्यावरून ‘औषध लागू पडलं’ असं वाटतं आणि तिसरी फवारणी होते. दरम्यान रोगट झाड मावा (रस शोषणारी बारीक कीड) पोसत उभं राहतं. खरं नुकसान इथेच होतं.

हा विषाणू मावा काही सेकंदांच्या टोचणीत उचलतो आणि पुढच्या झाडाला लगेच देतो. बाहेरून उडत आलेला मावा कीटकनाशकाने मरेल, पण मरण्याआधी टोचून झालेलं असतं. फवारणीने बागेतली माव्याची संख्या कमी होते, एवढाच तिचा उपयोग. म्हणून लागवडीनंतरचे पहिले चार-पाच महिने दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरा. शिरांना समांतर पिवळे पट्टे किंवा आखडलेली, वाकडीतिकडी कड दिसली की झाड कंदासकट उपटा आणि बागेबाहेर खोल पुरा किंवा जाळा. नुसतं खोड कापलं तर कंदातून रोगट पिलं येतात. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, चवळी बागेत किंवा बांधाला नको; हा विषाणू त्यांच्यावरही राहतो. रोपं विषाणू-तपासणी झालेलीच घ्या, आणि बिलावर तसा उल्लेख मागा.

प्रश्न : लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग) विषाणूजन्य आहे, तर डॉक्टरांनी गाईला अँटिबायोटिक का दिलं? (एक पशुपालक, साक्री)

उत्तर : लम्पीसाठी नाही, जखमांसाठी. गाठी फुटल्या की तिथे जिवाणू शिरतात, कधी फुप्फुसापर्यंत जातात. अँटिबायोटिक त्यांच्यावर चालतं. लम्पीच्या विषाणूला मात्र गाईची स्वतःची प्रतिकारशक्तीच हटवते. म्हणून निरोगी जनावरांना आधीच लस टोचावी लागते. आपल्याकडे त्यासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. गुरांचे घटसर्प आणि फऱ्या हे मात्र जिवाणूंचे रोग. त्यांत लवकर दिलेलं अँटिबायोटिक जीव वाचवू शकतं, उशीर झाला तर तेही हात टेकतं.

गोठ्याकडे दुर्लक्ष नको. वाळलेल्या खपलीत लम्पीचा विषाणू महिनाभरही टिकतो. खपल्या गोळा करून जाळा, जमीन आधी शेणमुक्त करा आणि मगच 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुवा. शेणावर ओतलेलं द्रावण शेणातच संपतं.

प्रश्न : गाईला कासदाहाची इंजेक्शनं चालू होती. त्या दुधाचं दही लागलंच नाही, दूध सकाळी जसंच्या तसं पातळ. विरजण बिघडलं का? (एक गृहिणी, चोपडा)

उत्तर : विरजणाला दोष देऊ नका. दही लावणारेही जिवाणूच, आणि दुधात उतरलेलं अँटिबायोटिक कासेतल्या नि विरजणातल्या जिवाणूंत भेद करत नाही. खात्री करायची तर दुसऱ्या गाईचं अर्धा लिटर दूध उकळून, बोट सोसेल इतकं कोमट करून त्याच विरजणाचा एक चमचा घाला. सहा-आठ तासांत ते लागलं की विरजण ठीक. दूध फार गरम असताना विरजण घातलं तरी जिवाणू मरतात, तेव्हा आधी ती चूक झाली नव्हती ना, हे आठवा.

औषधाच्या वेष्टनावर दूध किती तास वापरायचं नाही ते छापलेलं असतं. शेवटच्या इंजेक्शनपासून तेवढा वेळ ते दूध घरात नको आणि डेअरीतही नको. उकळल्याने पेनिसिलिन जवळजवळ तसंच राहतं, आणि ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांना थोड्या अंशानेही त्रास होऊ शकतो. दही लागलं म्हणजे दुधात औषध अजिबात नाही, असंही समजू नका. फार थोडं असलं तर विरजण ते सोसून जातं.