मास्टर क्लॉक विकत घेण्याआधी मागचा स्विच बघा

तुम्ही लिहिलंय की स्कार्लेट १८आय२० या ऑडिओ इंटरफेसला एडीए८२०० हा आठ चॅनलचा माइक प्रीअँप ऑप्टिकल केबलने जोडल्यापासून रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्' येतो, तानपुऱ्यावर तो फार कानात भरतो, आणि दुकानदाराने वेगळं मास्टर क्लॉक, म्हणजे सगळ्या डिजिटल उपकरणांना एकच ताल देणारं घड्याळ, घ्यायला सांगितलंय. ते सध्या घेऊ नका. तुमच्याकडे लागतं ते सगळं आहे, कमी असलीच तर एक ऑप्टिकल केबल.

आधी एक खात्री करा. तो टक् फक्त एडीएच्या आठ चॅनलवर येतो की सगळ्याच? इंटरफेसच्या स्वतःच्या माइक इनपुटवरही येत असेल तर दुखणं क्लॉकचं नाही. बफर (कॉम्प्युटर आवाज थोडा वेळ साठवतो ती जागा) वाढवा, यूएसबी पोर्ट बदलून बघा. बाहेरून आलेल्या आठवरच येत असेल तर दोन्ही उपकरणं आपापल्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या वेगवेगळ्या घड्याळांवर, चाललीयत, हे जवळजवळ नक्की.

त्यात होतं काय ते सांगतो. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल), लावलं तरी दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. समजा दोघांत दहा लाखांत २० भागांचा फरक आहे. ४८,००० ला तेवढाच फरक म्हणजे सेकंदाला साधारण एक सॅम्पल. एक उपकरण तेवढं पुढे जातं, आणि घेणाऱ्याला एखादं सॅम्पल टाकून द्यावं लागतं किंवा तेच पुन्हा वापरावं लागतं. त्या जागी लहर तुटते. तबल्याच्या 'ना'वर ती तूट झाकली जाते. तानपुरा, बासरी, हार्मोनियमचा धरलेला सूर यांवर लपायला जागाच नसते. म्हणून तुम्हाला ती तानपुऱ्यावर आधी सापडली. हा टक् बऱ्यापैकी ठरावीक अंतराने येतो, तर बफरचा कॉम्प्युटरवर ताण आला की कसाही येतो. हा फरक कानाने ओळखता येतो.

उपाय एकच: पूर्ण सेटअपमध्ये घड्याळ एक, बाकी सगळे त्याच्या मागे. ऑप्टिकलमधून आवाजाबरोबर क्लॉकही जातं, त्यासाठी वेगळी तार लागत नाही. १८आय२० मास्टर ठेवा, म्हणजे इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स 'इंटर्नल'. त्याच्या ऑप्टिकल आऊटमधून एक केबल एडीएच्या ऑप्टिकल इनमध्ये न्या आणि एडीएच्या मागचा सिंकचा (घड्याळ कुठून घ्यायचं तो) स्विच ॲडॅट इनवर, म्हणजे ऑप्टिकल इनवर, करा. एडीएकडून परत येणारी केबल आहे तशीच राहू द्या. बहुतेकांच्या घरी ही परत येणारी एकच केबल असते आणि स्विच ४८ वर राहिलेला असतो. तुमचंही तेच असावं.

दुसरी केबल येईपर्यंत उलटं करा: एडीए ४८ वर मास्टर, आणि १८आय२० चं क्लॉक सोर्स 'ॲडॅट'. हेही अगदी बरोबर आहे. ज्या इंटरफेसला ऑप्टिकल इनच असतं, आऊट नसतं, आणि वर्ड क्लॉक (नुसत्या घड्याळाचा सिग्नल) आऊटही नसतं, तिथे हाच मार्ग उरतो. तरी मी इंटरफेसलाच मास्टर ठेवीन, कारण मग सॅम्पल रेट डॉमध्ये (डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) बदलला की प्रीअँप आपोआप मागे येतो. उलट्या जोडणीत प्रीअँप बंद असला की इंटरफेसचं घड्याळच जातं. आणि ४४.१ चं सेशन ४८ च्या क्लॉकवर रेकॉर्ड झालं, तर नंतर ते जवळपास दीड अर्धस्वर खाली वाजतं. काळी एकचा गायक पांढरी सात आणि पांढरी एकच्या मध्येच कुठेतरी जाऊन बसतो.

१८आय२० ला बीएनसीचं (गोल, फिरवून बसवायच्या जोडाचं) वर्ड क्लॉक आऊट आहे आणि एडीएला इन आहे, म्हणजे ऑप्टिकलऐवजी तोही रस्ता आहे. स्विच मग वर्ड क्लॉकवर. केबल मात्र ७५ ओहमची हवी, आरजी-५९. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. दिसायला तशीच असणारी आरजी-५८ ही ५० ओहमची, ती नको. ओळीतल्या शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे तारेच्या टोकाला लावायचा रेझिस्टर, लागतं, आणि ते एकदाच. काही उपकरणांत ते आतच असतं. मॅन्युअल न बघता वर बाहेरून आणखी एक लावलं तर ५ व्होल्टचा सिग्नल अडीचच्या जागी पावणेदोनपेक्षाही खाली येतो आणि लॉक डळमळतं. दोनच उपकरणं असताना ऑप्टिकलच बरी.

सॉफ्टवेअरमध्ये 'लॉक्ड' दिसलं म्हणून थांबू नका. लॉक म्हणजे येणारा सिग्नल वाचता येतोय, इतकंच. तो आपल्याच घड्याळावर चाललाय याची ती हमी नाही. आरएमई कंपनीच्या उपकरणांत म्हणूनच 'लॉक' आणि 'सिंक' वेगळं दाखवतात. तुम्ही असं तपासा: डॉमधून १ किलोहर्ट्झचा साधा सूर इंटरफेसच्या लाइन आऊटमधून काढून एडीएच्या लाइन इनमध्ये घाला, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रमच्या चित्रात उघडा. सिंक नीट असेल तर एक आडवी रेघ दिसेल. प्रत्येक टक्‌च्या जागी तीवर खालपासून वरपर्यंत उभी चीर पडलेली असते, कानाला सुटलेलीसुद्धा.

राहिलं मास्टर क्लॉकचं. 'आवाज खुलतो' असं सांगून ते विकतात, ते मला मुळीच पटत नाही. मायक्रोफोनचा आवाज आकड्यांत बदलताना कन्व्हर्टर शेजारच्याच क्रिस्टलवर चालणं सहसा सर्वांत स्वच्छ. बाहेरचं क्लॉक आलं की आतल्या सर्किटला ते आधी पकडून घ्यावं लागतं, आणि त्यात फार तर बरोबरी होते. सात-आठ डिजिटल उपकरणं असतील किंवा चित्रपटाच्या फ्रेमशी बांधून काम करायचं असेल, तर ते जरूर घ्यावं. तुमच्या खोलीत तेच पैसे तानपुऱ्यासमोरच्या माइकवर आणि भिंतीवरच्या आवाज शोषणाऱ्या पॅनेलवर घाला.

चाचणीनंतरही चिरा दिसल्या तर स्विच कुठे आहे आणि क्लॉक सोर्सला काय दिसतंय, त्याचे फोटो टाका. बघून सांगतो.