फ्रेंचमधला 'ओं' : आम्ही, आपण की कोणीतरी?

प्रश्न असा आहे : फ्रेंचच्या पुस्तकात 'ओं' या सर्वनामाचा इंग्रजी अर्थ 'वन' दिलेला असतो, पण फ्रेंच माणसं सर्रास 'वी' अशा अर्थाने ते वापरताना दिसतात. मग बरोबर काय?

दोन्ही बरोबर. मात्र मराठी माणसाने हे इंग्रजीच्या वाटेने शिकूच नये असं मला मनापासून वाटतं. फ्रेंचमधल्या 'तू' आणि 'वू' या दोघांना इंग्रजीत एकच 'यू' आहे; आपल्याकडे तू आणि तुम्ही सरळ हजर आहेत. 'वू'सुद्धा तुम्हीसारखंच, अनेकांना आणि आदराने एकालाही.

'ओं'चं मूळ लॅटिन 'होमो', म्हणजे माणूस. 'अशा वेळी माणसाने करायचं तरी काय?' यातला जो कोणीही माणूस, तोच मुळात 'ओं'. दारावर थाप पडली की फ्रेंच माणूस म्हणतो 'ओं फ्राप आ ला पोर्त' : कोणीतरी दार वाजवतंय. एखाद्या वस्तूचा शब्द विचारायचा तर 'कोमां दितों...?' म्हणजे 'याला काय म्हणतात?'. मराठीत इथे कर्ता लागतच नाही, नुसतं 'म्हणतात' पुरतं. फ्रेंचमध्ये तसं चालत नाही. तिथे क्रियापदाची बरीच रूपं लिहायला वेगळी पण ऐकायला एकच असतात, म्हणून सर्वनाम गाळता येत नाही. 'इल पार्ल' नुसतं ऐकून तो बोलतो की ते बोलतात, हेही कळत नाही. पुढे स्वर आला तरच उलगडतं : 'इल एम' म्हणजे तो प्रेम करतो, 'इल झेम' म्हणजे ते करतात.

आता 'वी'चा अर्थ. 'ओं नी वा' म्हणजे 'चला, निघू या'. 'आम्ही'साठीचं फ्रेंच सर्वनाम खरं तर 'नू', पण रोजच्या बोलण्यात त्याची जागा बहुतेक 'ओं'नेच घेतली आहे. क्रियापद मात्र एकवचनीच राहतं : 'नू पार्लों', पण 'ओं पार्ल'. जोर द्यायचा तर दोन्ही एकत्र येतात, 'नू, ओं पार्ल फ्रांसे' : आम्ही बाबा फ्रेंच बोलतो.

पण म्हणून 'ओं = आपण' असं पाठ करू नका. आपल्या 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'त नसतो. हा भेद फ्रेंच सर्वनामांत नाहीच. 'ओं ना मांजे' म्हणजे 'आम्ही जेवलो' किंवा 'आपण जेवलो', काय ते प्रसंगावरून ठरवायचं. आणि आदराचा 'आपण' हवा असेल तर तिथे 'वू'च.

लिहिताना एक बारकावा. क्रियापद एकवचनी असलं तरी अर्थ 'आम्ही' असेल तर विशेषण अनेकवचनी लिहितात. 'आम्ही खूश आहोत' या अर्थी 'ओं ने कोंतां' लिहिताना शेवटच्या शब्दाला 'एस' जोडतात, आणि बोलणाऱ्या सगळ्या बायका असतील तर त्याआधी स्त्रीलिंगी 'ई'सुद्धा. मग उच्चार 'कोंतांत' होतो. औपचारिक पत्रात किंवा निबंधात 'आम्ही'साठी अजून 'नू'च वापरावं.